लेखी तक्रार, तोंडी कौतुक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त बोलाविलेल्या पालक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात जे कार्यक्रम योजिले आहेत त्यांत आपल्या मुलामुलींच्या शाळांतील शिक्षक व इतर सेवकवर्ग यांचा गौरव करावा, असा एक ठराव कार्यकारिणीने संमत केला आहे. ठराव चांगला आहे, तो एकमताने झाला आहे, आणि एकमताने झालेल्या ठरावांचे पुढे काय होते हे सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसास निराळे सांगावयास नको. म्हणून हा गौरव कोणाचा, कशासाठी आणि कोणत्या रीतीने व्हावा याविषयी चार शब्द बोलण्याचे काम कार्यवाहांनी आमच्यावर सोपविले, ते आम्ही आनंदाने पत्करले आहे. आम्ही काही शिक्षणशास्त्राचे पंडित नव्हे. बदलीच्या नोकरीमुळे निरनिराळ्या गावांतील शाळांच्या कचेऱ्यांपुढे दाखले घेऊन उभे राहिलेले एक पालक, एवढाच या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार.

गौरवाचा विषय निघाला की आपल्याला ५ सप्टेंबर आठवतो. त्या दिवसामागील माणूस आठवतो, पण त्या माणसाच्या आयुष्यातील जो प्रसंग येथून जेमतेम दीडशे किलोमीटरांवर घडला तो सहसा आठवत नाही. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन हे १९१८ पासून १९२१ पर्यंत म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवीत असत. १९२१ साली कलकत्ता विद्यापीठात पंचम जॉर्ज यांच्या नावाच्या अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली आणि म्हैसूर सोडण्याचा दिवस उजाडला. विद्यार्थ्यांनी एक घोडागाडी फुलांनी सजविली, प्राध्यापकांना तीत बसविले, घोडे सोडून दिले, आणि ती गाडी स्वतः ओढत रेल्वे स्टेशनापर्यंत नेली. त्या वेळी राधाकृष्णन राष्ट्रपती नव्हते. त्यांनी वयाची तिशी नुकतीच ओलांडली होती. शिक्षक दिन नावाची गोष्ट अस्तित्वात यावयास अजून एक्केचाळीस वर्षे होती. १९६२ साली ते राष्ट्रपती झाले, आपला वाढदिवस साजरा करू पाहणाऱ्यांना त्यांनी तो शिक्षकांचा दिवस म्हणून पाळण्यास सुचविले, आणि तेव्हापासून ती प्रथा देशभर रूढ झाली.

दिवस आपण उचलला आणि गाडी मात्र म्हैसूरच्या रस्त्यावरच राहिली, असे आम्हांस कधी कधी वाटते. त्या मुलांनी जे केले त्यातील दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक तर प्राध्यापक गाव सोडून चालले होते. त्यांच्या हाती आता या मुलांचे गुणही नव्हते आणि शिफारसपत्रेही नव्हती, म्हणजे मिळवावयाचे काही उरलेले नव्हते. दुसरे असे की, मुलांनी जे दिले ते बाजारातून आणलेले नव्हते. स्वतःच्या अंगाचा घाम त्यांनी दिला. आज पाच सप्टेंबरला शाळाशाळांतून जे गुलाबाचे फूल आणि जे छापील शुभेच्छापत्र दिले जाते, त्याची टवाळी आम्ही करीत नाही. पण पालकाचा त्यातील वाटा पैसे भरण्यापुरताच असेल, तर तो गौरव झाला की वर्गणी झाली, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता शालीविषयी. शाल आणि श्रीफळ ही मराठी सभासंमेलनांची ठरलेली सामग्री आहे. या शालीचा शालेय इतिहास मोठा आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांचा सत्कार सरकारने १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात केला, आणि मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांना शाल अर्पण करण्यात आली. वाड्यात शाल मिळत होती त्याच पुण्यातील रस्त्यांवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेणगोळे पडत होते, हेही आपण सर्व जाणतो. पण त्या रस्त्यावर सावित्रीबाईंच्या बरोबर कोण चालत होते? त्यांच्या सोबतीसाठी नेमलेले शाळेचे शिपाई बळवंत सखाराम कोल्हे यांनी आपल्या आठवणी मागे ठेवल्या आहेत, आणि त्या दिवसांची हकीगत आपल्याला जी ज्ञात आहे तीत या शिपायाच्या आठवणींचा वाटा आहे. शाळेच्या इतिहासाला साक्षीदार मिळाला तो शाळेचा शिपाई. फुले दांपत्याचे पुतळे आहेत, त्यांच्या नावे विद्यापीठ आहे, आणि ते सर्वथा योग्यच आहे. कोल्हे यांचे नाव मात्र या सभागृहात किती जणांनी यापूर्वी ऐकले होते, हे आम्ही विचारीत नाही.

ठरावात ‘इतर सेवकवर्ग’ असे दोन शब्द आले आहेत. त्या दोन शब्दांसाठीच खरे म्हणजे आम्ही येथे उभे आहोत. फळ्यापुढे उभे राहणाऱ्याचे कौतुक निदान वर्षातून एकदा होते. फळा पुसणारा, घंटा देणारा, पहाटे कुलूप काढणारा, प्रसाधनगृहे धुणारी, बसच्या पायरीवर उभी राहून एकेका मुलाचा हात धरणारी, कार्यालयात दाखले लिहिणारा, भात शिजविणारी, ही मंडळी ‘इतर’ या शब्दात बसवून आपण मोकळे होतो.

आपल्यासारख्या घरांच्या बाबतीत तर हा विषय अधिकच निकडीचा आहे. आपले आईवडील साताऱ्याला, नागपूरला, नाहीतर रत्नागिरीकडे एखाद्या खेड्यात, आणि आपण येथे. गावी असतो तर मूल शाळेतून आल्यावर आजी दारात असती. ताप आला तर काकू धावली असती, आणि शाळेला अवचित सुट्टी झाली तर शेजारच्या घरी ताट वाढले गेले असते. परमुलखात ही सगळी नाती आपण आपल्या नकळत शाळेच्या माणसांवर सोपवून दिली. बालवाडीतील ज्या बाईला आपली मुले ‘अक्का’ म्हणून हाक मारतात, तिने आपल्या मुलांची नाके पुसली, ओले कपडे बदलले, आणि अजून तोंडातून नीट शब्दही न फुटणाऱ्या मराठी मुलाशी ती कन्नडमध्ये बोलत राहिली, तोपर्यंत बोलत राहिली की मूल रडावयाचे थांबले. आजीचे काम आजीने केले तर त्यास आपण माया म्हणतो. तेच परक्या बाईने अल्प पगारात केले तर त्यास आपण व्यवस्था म्हणतो.

१२ सप्टेंबर २०१६ हा दिवस येथील पुष्कळांच्या स्मरणात असेल. कावेरीच्या पाण्यावरून त्या दिवशी शहरात दंगल उसळली, रस्त्यांवर बसगाड्या आणि ट्रक पेटले, आणि कचेऱ्या व शाळा घाईघाईने सुटल्या. आपल्या मंडळातील एका कुटुंबाने सांगितलेली त्या दिवसाची हकीगत अशी. ज्या शाळेत त्यांची मुलगी होती तेथील बहुतेक मुले दुपारीच घरी गेली. सात मुलांचे आईबाप शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकले होते. शाळेतील एक आया आणि फाटकावरचा पहारेकरी असे दोघे त्या सात मुलांना घेऊन सायंकाळपर्यंत थांबले. आयाबाईने स्वतःच्या डब्यातील भात सातांत वाटला. तिची स्वतःची दोन मुले तिकडे वस्तीत घरी एकटी होती. अंधार पडल्यावर शेवटचे मूल वडिलांच्या हाती देऊन ती पायी घरी गेली, कारण बस नव्हती.

पुढे काय झाले तेही त्याच कुटुंबाने सांगितले. त्या आठवड्यात त्या शाळेच्या कार्यालयात पालकांची लेखी पत्रे आली. ती सर्व तक्रारीची होती. शाळा सुटल्याचा निरोप उशिरा आला, बसचा मार्ग बदलल्याचे कळविले नाही, दूरध्वनी उचलला गेला नाही, असा त्यांतील मजकूर. तक्रारी खोट्या नव्हत्या. पण त्या आयाबाईंविषयी एकही कागद नव्हता. सातांपैकी बहुतेक आईबापांनी तिला भेटून ‘फार उपकार झाले’ असे म्हटले होते, आणि ते मनापासून म्हटले होते. वर्षअखेरीस कर्मचारी कमी करण्याची वेळ आली तेव्हा त्या बाईंची नोकरी गेली. ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांच्यासमोर तिच्या नावावर उशिरा येण्याच्या तीन नोंदी होत्या. सात मुलांची नोंद कोठेच नव्हती.

येथे आमच्या पेशाची थोडी माहिती देणे अप्रस्तुत होणार नाही. कोणत्याही कचेरीत, मग ती सरकारी असो वा शाळेची, कागद जिवंत राहतो आणि शब्द विरून जातो. तक्रार लेखी येते. तिला आवक क्रमांक पडतो, ती धारिकेत लागते, तिच्यावर खुलासा मागविला जातो, तो खुलासाही धारिकेत लागतो, आणि पाच वर्षांनी बढतीचा अथवा मुदतवाढीचा प्रश्न निघाला की धारिका उघडली जाते. कौतुक तोंडी येते. ते व्हरांड्यात होते आणि व्हरांड्यातच संपते. आमच्या साऱ्या नोकरीत आम्ही तक्रारवह्या पुष्कळ पाहिल्या. प्रवासात पाहिल्या, टपाल कचेरीत पाहिल्या, उपाहारगृहांत पाहिल्या. शाबासकीची वही म्हणून दोरीला बांधून ठेवलेली एकही पाहण्यात आली नाही.

तक्रार आणि कौतुक यांच्या भाषेतही एक मौजेचा भेद आहे. तक्रार करणारा पालक कसा लिहितो? ‘दिनांक अमुक रोजी सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी बस क्रमांक अमुक ही आमच्या थांब्यावर न थांबता पुढे गेली.’ तपशिलात कोठे उणे नाही. तोच पालक कौतुक करताना म्हणतो, ‘तुमचा स्टाफ फार चांगला आहे हं!’ कोणता स्टाफ, काय चांगले, कोणत्या दिवशी, काही नाही. असले कौतुक ऐकणाऱ्यास बरे वाटते, पण ते कोणाचेच नसते. म्हणून आमचे पहिले आणि मुख्य सांगणे हे की, जितक्या काटेकोरपणे आपण तक्रार लिहितो तितक्याच काटेकोरपणे कौतुक लिहावे. नाव लिहावे, तारीख लिहावी, काय केले ते लिहावे, त्यामुळे आपल्या मुलाचे काय झाले ते लिहावे, आणि पत्र मुख्याध्यापकांस देऊन त्याची प्रत संस्थेच्या व्यवस्थापनाकडे अथवा प्रादेशिक कार्यालयाकडे पाठवावी. पोच घ्यावी. एक प्रत त्या व्यक्तीच्या हाती द्यावी. पत्र एका पानाचे पुरे.

केंद्र सरकारच्या नोकरांच्या कुटुंबांना केंद्रीय विद्यालयांविषयी निराळे सांगावयास नको. बदलीवर जाणाऱ्यांच्या मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून १९६२ साली ही योजना मंजूर झाली, आणि १९६३ मध्ये वीस रेजिमेंटल शाळा हाती घेऊन तिचा आरंभ झाला. बेंगळूरुतही ही विद्यालये अनेक आहेत, आणि या सभागृहातील निम्म्या मुलांची प्रार्थना तेथेच पाठ झाली असेल. या विद्यालयांचे शिक्षक आपल्यासारखेच बदलीचे धनी. त्यांचेही सामान बांधलेले, त्यांचीही मुले दर काही वर्षांनी नव्या वर्गात मागच्या बाकावर. ते आपल्या मुलाला समजून घेतात ते काही केवळ प्रशिक्षणामुळे नव्हे. आणि तेथील कार्यालयातील लिपिक! ऑक्टोबर महिन्यात बदलीचा हुकूम आला, गाडी परवाची, आणि शाळा सोडल्याचा दाखला हवा, असा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांनाच त्या लिपिकाची किंमत. ग्रंथालयाची पुस्तके परत केल्याची सही, प्रयोगशाळेची सही, शुल्काची सही, हे सर्व तो माणूस कचेरीची वेळ संपल्यावर स्वतः फिरून गोळा करतो, दाखल्यावर जन्मतारीख अक्षरी आणि अंकी दोन्ही तपासतो, आणि आपण ‘थँक यू’ म्हणून रिक्षात बसतो. त्या दाखल्यात एक अक्षर चुकले असते तर पुढे पारपत्रापर्यंत धावाधाव झाली असती. अचूक काम दिसत नाही हाच त्याचा दोष.

कन्नडच्या शिक्षकांविषयी थोडे अधिक बोलावेसे वाटते. कर्नाटकात २०१५ साली कन्नड भाषा शिकविण्याविषयीचा कायदा झाला, आणि त्यानंतर मंडळाच्या अनेक घरांत कुरकूर झाली. मुलांवर आधीच तीन भाषांचा भार, त्यात ही चौथी, असे म्हणण्यात आले. भाराची गोष्ट आम्ही नाकारीत नाही. पण आज आपली दहा वर्षांची मुले दुकानाची पाटी वाचतात, बसवरील अक्षरे आजोबांना वाचून दाखवितात, शेजाऱ्याच्या लग्नपत्रिकेचा अर्थ आपल्याला सांगतात, ते कोणामुळे? येथे शिक्षकाला ‘मेष्ट्रु’ म्हणतात, आणि या शब्दात आदर आणि सलगी सारखीच आहे. घरी ज्या भाषेचा एक शब्द नाही ती भाषा मराठी मुलाला शिकविणाऱ्या मेष्ट्रूंचे काम गणिताच्या शिक्षकापेक्षा अवघड आहे, कारण गणिताच्या गृहपाठात निदान आईबाप मदत करतात.

या दोन भाषांमध्ये शिक्षकांची ये-जा काही नवी नाही. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते कन्नडचे थोर कवी झाले आणि १९७३ साली त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते पोटासाठी शिक्षक होते, हे सांगावयास विसरतो. धारवाडास त्यांनी शाळेत शिकविले. पुढे १९४४ पासून १९५६ पर्यंत बारा वर्षे सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात ते कन्नडचे प्राध्यापक होते. मराठी मुलखातील एका महाविद्यालयाने कन्नड शिकविण्यासाठी त्यांना पद दिले आणि एक तप सांभाळले. शिक्षकाचा गौरव म्हणून आमच्या मते याची गणना शालीच्या वर व्हावी.

शालीच्या वर काय, हा प्रश्न निघालाच आहे तर पगाराचेही बोलून टाकू. गौरव हा पगाराच्या ऐवजी देण्याची वस्तू नव्हे. महाराष्ट्रात विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांनी वर्षानुवर्षे विनावेतन काम केले, आझाद मैदानावर बसून दिवस काढले, आणि त्यांनाही दर पाच सप्टेंबरला फूल मिळतच होते. शिक्षणसेवकांचे मानधन प्राथमिक शाळांत दरमहा ६,००० रुपयांवरून १६,००० रुपये झाले ते २०२३ साली. मध्यान्ह भोजन शिजविणाऱ्या स्वयंपाकी-मदतनिसांसाठी केंद्राने २००९ साली दरमहा १,००० रुपये मानधन ठरविले, आणि तेही वर्षातून दहा महिने. राज्ये त्यात आपापली भर घालतात. कर्नाटकात या योजनेस ‘अक्षर दासोह’ असे सुंदर नाव आहे, आणि ते नाव धारण करणाऱ्या शाळांतून चूल पेटविणाऱ्या स्त्रिया याच शहरात रस्त्यावर बसून वाढ मागताना आपण पाहिल्या आहेत. आम्ही स्वतः सरकारचे मीठ खाल्लेले आहोत, तेव्हा अधिक बोलणे शोभणार नाही. ‘मानधन’ या शब्दात मान आहे आणि धनही आहे. पावतीवर दोन्ही शोधावी लागतात, एवढेच म्हणतो.

भात शिजविणाऱ्या हातांचा विषय निघाला म्हणजे लक्ष्मीबाई पाटील आठवल्यावाचून राहत नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह आणले. सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत. १९२७ साली गांधीजींनी तेथे भेट दिली. मुलांच्या जेवणाला धान्य उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला, आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. १९३० साली त्या गेल्या. भाऊरावांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट. मिळाली ती १९५९ साली, त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी. गौरव उशिरा आला खरा, पण आला. ज्या बाईने मुलांना घास भरविला तिच्या वाट्याला तिच्या हयातीत सभा नव्हती, मानपत्र नव्हते. शाळा म्हणजे काय याची आमची व्याख्या साताऱ्याच्या त्या स्वयंपाकघराला वगळून होत नाही.

सरकारी पुरस्कारांविषयी एक वाक्य. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिले जातात. २०१८ साली त्यांची पद्धत बदलली, आणि शिक्षकाने स्वतःच आपला अर्ज भरावा अशी रीत पडली. त्यामागे शिफारशींचा बाजार मोडण्याचा हेतू होता, आणि तो स्तुत्य आहे. तरीही, आपल्या कौतुकाचा अर्ज आपणच भरावयाचा ही गोष्ट लाजऱ्या माणसाला जमत नाही, आणि चांगल्या शिक्षकांत लाजरी माणसे फार. तेथे पालकांचे पत्र कामास येते. २०२० साली सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्काराचे दहा लक्ष डॉलर जाहीर झाले, तेव्हा त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटण्याचे जाहीर केले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याची त्यांची कल्पना सर्वांच्या तोंडी आहे. आम्हांस ती अर्धी रक्कम अधिक लक्षात राहिली आहे. दुसऱ्याच्या कामाचे मोल शिक्षकालाच नेमके कळते.

भेटवस्तूंच्या बाबतीत मात्र आम्ही ठाम आहोत. दिवाळीस महागड्या मिठाईचे खोके, नाताळात भेटीची कार्डे, वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर जाहीर होणारी वर्गणी, या सर्व गोष्टींनी शिक्षकाचा गौरव होत नाही, त्याची पंचाईत होते. ज्या घरातून खोका आला आणि ज्या घरातून आला नाही, अशा दोन मुलांकडे दुसऱ्या दिवशी सारख्याच नजरेने पाहण्याचे ओझे आपण त्याच्यावर टाकतो. सरकारी नोकरांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत भेटींवर मर्यादा घातली आहे ती उगाच नव्हे. पाकीट द्यावयाचेच असेल तर त्यात पत्र घालावे.

आणखी एक गोष्ट आहे, जिला खर्च शून्य. शिक्षकाला शिकवू द्यावे. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामास जुंपण्यास मनाई केली आहे. हे कलम सरकारसाठी आहे. पालकांसाठी असे कलम नाही, आणि असते तर बरे झाले असते. रात्री साडेदहा वाजता, उद्याच्या सहलीला पांढरे मोजे की निळे, असा प्रश्न शिक्षिकेच्या भ्रमणध्वनीवर जातो. तिचाही स्वयंपाक व्हावयाचा असतो, तिच्याही घरी सासूबाईंच्या औषधाची वेळ झालेली असते. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा याच शिक्षकांनी आपले खासगी क्रमांक आपल्याला दिले, स्वतःच्या पैशांनी दूरध्वनीचे पाकीट भरले, आणि त्याच वर्षी कर्नाटकातील सरकारी शाळांच्या शिक्षकांनी ‘विद्यागम’ योजनेत देवळाच्या ओट्यांवर आणि झाडांखाली मुले जमवून शिकविले. अडचणीच्या काळात उघडलेले दार आपण पुन्हा लावून घेण्यास त्यांना मोकळीक दिली पाहिजे. सात वाजल्यानंतर प्रश्न विचारावयाचा नाही, एवढा नेम प्रत्येक घराने केला तरी उद्या सकाळी वर्गात उभी राहणारी बाई अधिक ताजीतवानी असेल, आणि त्याचा लाभ आपल्याच मुलांना आहे.

आता ठरावाच्या अंमलबजावणीकडे येतो. कार्यकारिणीशी बोलून असे ठरले आहे की, समारंभ पाच सप्टेंबरला करावयाचा नाही. त्या दिवशी शिक्षकांना शाळेतच इतके समारंभ असतात की आपला त्यांना भारच व्हावा. तो जानेवारीतील एखाद्या रविवारी दुपारी होईल. परीक्षांची धांदल सुरू झालेली नसते, हवा बरी असते, आणि शिक्षकांचा उत्साह वर्षात सर्वांत उतरलेला असतो तो याच सुमारास, असे एका अनुभवी मुख्याध्यापिकेने आम्हांस सांगितले. व्यासपीठावर खुर्च्या नसतील. पाहुणे आपल्या पंक्तीत बसतील आणि वाढण्याचे काम मंडळाचे सभासद करतील. भाषण एकच, आणि तेही पाच मिनिटांचे. वक्ता अजून ठरावयाचा आहे, पण तो आम्ही नसू, याची खात्री बाळगावी.

प्रत्येक कुटुंबाने दोन नावे द्यावयाची आहेत. एक शिकविणाऱ्या व्यक्तीचे आणि एक न शिकविणाऱ्या व्यक्तीचे. दुसरे नाव देताना ‘बसवाली अक्का’ अथवा ‘फाटकावरचे काका’ असे लिहून चालणार नाही. पूर्ण नाव हवे. ते ठाऊक नसेल तर उद्या सकाळी विचारून घ्यावे. नावाबरोबर त्या व्यक्तीने नेमके काय केले हे चार ओळींत लिहावे. त्यावरून पत्रे तयार होतील आणि ती समारंभापूर्वीच त्या त्या शाळेच्या कार्यालयात आवक होतील. ‘आवक’ या शब्दावर आमचा थोडा अधिक जोर आहे, तो क्षम्य मानावा.

पत्रे मराठीत लिहून भागणार नाही, कारण ज्यांच्यासाठी ती आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांना ती वाचता यावयाची नाहीत, आणि इंग्रजीत लिहिली तर बसमधील अक्कांना ती दुसऱ्याकडून वाचवून घ्यावी लागतील. तेव्हा पत्रे कन्नडमध्ये असतील. सभासदांपैकी ज्यांना कन्नड लिहिता येत नाही, आणि त्यांत आम्हीही आलो, त्यांच्यासाठी पुढील दोन रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात मंडळाच्या वाचनालयात सोय केली आहे. आपण मराठीत सांगावयाचे आणि सातवी ते दहावीतील आपली मुले ते कन्नडमध्ये लिहून देतील. अकरा मुलामुलींनी नावे दिली आहेत. कागद आणि शाई मंडळाची.